अकरा झाडांचा पंचनामा

१

नानाजी भोयरांच्या बगिच्यात धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधालगतच्या, ओळीला संत्र्याची एकोणीस झाडं होती. त्यातली पहिली अकरा पिवळी पडून शेंड्याकडून वाळत चालली होती आणि बारावं झाड पांढऱ्या फुलांनी गच्च भरलेलं होतं.

साल अठ्ठावन्न, माघ महिना. मी तेव्हा आर्वीपासून चार कोसांवरच्या त्या गावी पटवारी होतो. पटवाऱ्याची आठवण लोकांना दोनदाच होते, जमिनीवरून तंटा झाला की आणि माणसामाणसांत जुंपली की. त्या सकाळी दोन्ही एकदमच झालं होतं.

नानाजी विहिरीपाशी बसले होते. साठीचा माणूस, अंगावर स्वतः कातलेल्या सुताची खादी, गावात शब्दाला वजन. पायाखाली मुंगी येऊ नये म्हणून ते नेहमी खाली बघत चालायचे. नानाजींना गावातली माणसं तोंडावरून नाही, वहाणांवरून ओळखू येतात, असं आम्ही गमतीनं म्हणायचो. बगिच्यात कीड पडली तरी तंबाखूचं पाणी मारू द्यायचे नाहीत. जीवहत्या नको, म्हणायचे.

"पटवारीजी," ते म्हणाले, "लेकरावानी वाढवलेले झाडं हायेत हे. कोनंतरी बुडात इख घातलं. अन् कोनं घातलं थेबी मले मालूम हाये."

"कोणी?"

"प्रेम्यानं."

प्रेमदास थूल हा गावातला कलमं बांधणारा. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा, म्हणजे कोंबाची चकती, असा बसवायचा की आठ दिवसांत जोड दिसेनासा व्हायचा. नानाजींच्या बगिच्यातली चारशेच्या चारशे झाडं त्याच्याच हातची. दीड वर्षापूर्वी त्यानं आणि त्याच्या बायकोनं, कांतानं, नागपूरला जाऊन बौद्ध धर्माची दीक्षा घेतली आणि परत आल्यावर गावची मेलेली जनावरं ओढायचं काम सोडलं. गेल्या पोळ्याला नानाजींचा बैल मेला, तो दोन दिवस गोठ्यातच पडून राहिला. तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद होतं.

"त्याच्या खोपडीत मोरचुदाची पुडी सापडली," नानाजी म्हणाले. "माह्याच जमिनीवर त्यानं नऊशे कलमं लावले हायेत. थे साऱ्यायच्या समोर जळाले पाह्यजे अन् त्यानं जमीन खाली केली पाह्यजे. पंचनामा लिहा, पोलिसात धाडा."

ती नऊशे कलमं म्हणजे प्रेमदासची दोन वर्षांची मेहनत होती. पावसाळ्याच्या तोंडावर ती विकली गेली असती, तर घर उभं राहिलं असतं. मला हे ठाऊक होतं. तरीही मी शाईनं 'संशयित : प्रेमदास थूल' असं लिहून मोकळा झालो. पटवाऱ्याचा हात मोठ्यांच्या तोंडून शब्द पडला की आपोआप चालतो, आणि याची मला आजही लाज वाटते.

लिहिता लिहिता मी पहिल्या झाडाच्या आळ्यात वाकलो. मातीवर पांढरी भुकटी पडली होती. दुसऱ्या झाडाखालीही होती. अकराच्या अकरा झाडांखाली होती, बाराव्याखाली कणही नव्हता.

नानाजी तेवढ्यात घरी गेले होते. मी कोणाला न सांगता चिमूटभर भुकटी कागदात बांधली.

२

पुडी घेऊन मी गेलो बाबाराव कडूंकडे. बाबाराव नागपूरच्या शेतकी कॉलेजात तीस वर्षं प्रयोगशाळेचे शिपाई होते. काचेच्या बाटल्या धुणं, साहेबांना भिंग पुसून देणं, हे काम. निवृत्त होऊन गावी आले तेव्हा साहेबांनी दिलेलं एक जुनं भिंग तेवढं बरोबर आणलं. गावात त्यांना 'बाटलीवाले' म्हणत. मात्र कोणाच्या झाडाला काही झालं की लोक पाय न वाजवता त्यांच्याच ओसरीवर यायचे.

मी सगळं सांगितलं. बाबारावांनी पुडी उघडली, हुंगली. मग बोट बुडवून सरळ जिभेवर ठेवलं.

"अहो बाबाराव! विष आहे ते!" मी ओरडलो.

त्यांनी डोळे मिटले. मी पाण्यासाठी आत धावणार तोच ते म्हणाले, "गोड हाये."

"काय?"

"कनकीत साखर हाये, पटवारीजी. बिना चहाचे आले तुमी, नाईतं चहात टाकून पाह्यली असती." मग ते गंभीर झाले. "मोरचूद तं निळा असते, अन् कलमंवाल्याच्या घरी थो राह्यतेच. हे पांढरं. इतकं तुमाले दिसाले पाह्यजे होतं."

मला दिसलं नव्हतं, कारण मला बघायचंच नव्हतं.

"मले एकच गोष्ट कळून नाई राह्यली," भिंगाला धोतराचा सोगा लावत बाबाराव म्हणाले. "ओळीत झाडं एकोनीस. इख घालनारा अकरावर काऊन थांबला?"

३

दुसऱ्या दिवशी आम्ही धुऱ्यावर गेलो. धुऱ्यापलीकडचं शेत सदाशिवराव ठाकऱ्यांचं. त्यांचं आणि नानाजींचं त्या बांधावरून सात वर्षं भांडण चालू होतं, त्यामुळे माझ्या मनात त्यांचाही संशय होता. त्यांनी तो माझ्या तोंडावर वाचला.

"म्या केलं म्हनता काय? पटवारीजी, इख टाकलं असतं तं पयले गवत मरते. पाहा बरं झाडाखाली."

आम्ही पाहिलं. अकराही झाडांखाली हरळी हिरवीगार होती. बाबारावांनी मान डोलावली. भांडखोर माणसाचंही डोकं कधी कधी जागेवर असतं.

बगिच्याचा राखणदार जंगू उईके हा गोंड समाजातला, हाडापेरानं बारीक पण नजर ससाण्याची. बाबाराव बाराव्या झाडाखाली उभे राहून भिंगातून कोवळी पानं बघत होते, तेव्हा तो जवळ आला.

"काय पाहून राह्यले, बावा?"

"मावा. लय थोडा हाये इथं. अन् हे कोन?"

पानावर लाल पाठीचा, काळ्या ठिपक्यांचा वाटोळा ढालकिडा सावकाश चालला होता. माव्याचा एक एक काळा किडा उचलून खात होता.

"थे तं इकडंच राह्यते," जंगू म्हणाला. "त्या अकरा झाडावर टिकत नाईत. दोन सालापासून पाहून राह्यलो."

"काऊन टिकत नाईत?"

"मुंग्या टिकू देत नाईत नं."

आम्ही अकराव्या झाडापाशी आलो. कोवळ्या फुटीवर माव्याचे थरच्या थर बसले होते. पानं चिकट झाली होती. खोडावरून मुंग्यांच्या दोन रांगा, एक वर जाणारी, एक खाली येणारी, आठवडी बाजाराच्या दिवशीच्या रस्त्यासारख्या अखंड चालल्या होत्या.

ओळीच्या सुरुवातीला विहिरीजवळ मोसंबीचं एक झाड होतं, नानाजींच्या व्याह्यांनी चार वर्षांपूर्वी बैलगाडीतून पाठवलेलं. ते कधी धड वाढलं नाही, पण भेटीचं झाड कोण उपटणार? बाबारावांनी त्याचं एक पान तोडून उन्हाकडे धरलं.

"काय दिसलं?" मी विचारलं.

"दिसलं काई तरी. पन माह्या म्हनन्याले कोन मानते? बाटलीवाल्याच्या सांगन्यावर नानाजी कलमं सोडतीन काय? साक्षीदार पाह्यजे."

"कोण?"

"लिंबू," बाबाराव म्हणाले.

४

चार दिवसांनी बाबारावांनी प्रेमदासकडे कागदी लिंबाची तीन रोपं मागितली. प्रेमदास खोपडीच्या दाराशी सुरीला धार लावत बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही.

"कायले पाह्यजे?"

"नागपूरले साहेब लोक असंच करत. एका रोपावर आजारी झाडाचा मावा सोडाचा. दुसऱ्यावर चांगल्या झाडाचा. तिसऱ्यावर काईच नाई. दिवसभरानं मावा तंबाखूच्या पान्यानं धुवाचा अन् रोपं मच्छरदानीत ठेवाचे. लिंबू लय नाजूक. रोग आला का त्याच्या पानात दीड महिन्यात दिसते."

आतून कांता बाहेर आली. "नोका देऊ," ती नवऱ्याला म्हणाली. "रोप आजारी पडलं तं हेच लोक म्हनतीन, याच्याच रोपाले रोग होता. मंग नऊशे कलमाइले एक काडी पुरते."

तिचं खोटं नव्हतं. मी मान खाली घातली, कारण 'हेच लोक' मध्ये मी होतो.

प्रेमदासनं सुरी मिटली. "बाबारावजी, इतके दिवस झाले, गावात एकानंबी मले येऊन इचारलं नाई का बावा, तू केलं काय म्हनून. तुमी निदान रोप तं मागून राह्यले." तो वाफ्यात गेला आणि एकाच रांगेतली तीन रोपं त्यानं मुळाच्या मातीसकट उचलून दिली. "माह्या डोळ्यात खोट असती तं चारशे झाडं मेले असते. एकाच मायझाडाचे डोळे हायेत सारे."

नानाजींना मी सांगितलं, की मोरचुदाच्या पुडीचा तपास पुरा झाल्याशिवाय पंचनाम्यावर सही करणार नाही. पाडव्यापर्यंत थांबा. ते कुरकुरले, पण सरकारी कागदाला मान देणारा माणूस, थांबले.

मच्छरदाणी माझीच गेली. सहा आठवडे मला डासांनी सोलून काढलं. बाबाराव रोज सकाळी विचारत, "पटवारीजी, झोप झाली का?" आणि हसत.

मधल्या काळात त्यांनी दोन कामं केली. नानाजींना विचारून अकरातल्या तिसऱ्या झाडाच्या बुंध्याला फडकं गुंडाळलं आणि त्यावर एरंडेल तेल आणि राळ शिजवून फासली. आणि नानाजींच्या बायकोकडे, मीराबाईंकडे, ताक मागायच्या निमित्तानं दोनदा जाऊन आले. दुसऱ्यांदा मीही होतो.

"नातू कसा हाये?" बाबारावांनी विचारलं.

"झकास. तीन सालाआधी विषमज्वरात गेल्यातच जमा होता पोरगा. तेव्हापासून घरात सारं चांगलं हाये, फक्त कनीक पुरत नाई. हे म्हनते उंदरं खाते." मीराबाईंनी ताकाचा गडवा पुढे केला. "उंदरं साखर मापून नेते काय, बाबारावजी?"

बाबारावांनी ताक एका दमात संपवलं. घराजवळ आल्यावर ते एकदम थांबले.

"लय वाईट झालं," ते म्हणाले. "चोर सापडला असता तं बरं झालं असतं."

५

पाडव्याला गुढ्या उभारून झाल्यावर सगळे विहिरीपाशी जमले. नानाजी आणि मीराबाई, प्रेमदास आणि कांता, सदाशिवराव, जंगू. मी पंचनामा घेऊन. बाबारावांनी तीन कुंड्या ओळीनं मांडल्या.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रोपाची पानं तुकतुकीत होती. पहिल्याचं एक पान त्यांनी नानाजींच्या हातात दिलं. "उन्हाकडे धरा."

मीही मागून पाहिलं. पानाच्या शिरा जागोजागी तुटक तुटक उजळल्या होत्या, तेल सांडलेल्या कागदातून उजेड यावा तशा.

"रोपच रोगट होतं म्हना," नानाजी म्हणाले.

"तीनी एकाच वाफ्यातले. दोन चांगले कसे राह्यले मंग? तिघाइत फरक इतकाच, का पयल्यावर तुमच्या आजारी झाडाचा मावा बसला होता. रोग माव्याच्या तोंडातून येते, नानाजी. या झाडाचा रस पेला, त्या झाडाले सोंड लावली. साहेब लोक याले इंग्रजीत काई तरी म्हनत, मले बोलता येत नाई. पन तीस साल मी त्याइच्या मांगं उभं राहून असेच पानं पाह्यले." त्यांनी मोसंबीकडे बोट केलं. "रोग आला थो या झाडातून. पाहा याचंबी पान."

"व्याह्यायचं झाड?" नानाजी मोसंबीकडे वळले.

"व्याह्यायले काय मालूम! आता सांगा, मावा तं एकोनीसबी झाडावर येते. मंग अकराच काऊन?"

त्यांनी जंगूला खूण केली. जंगूनं आगपेटीतून पाच-सहा ढालकिडे काढून अकराव्या झाडाच्या फांदीवर सोडले. मुंग्या धावल्या. बघता बघता एकेक ढालकिडा पाय झटकत खाली पडला, नाहीतर उडून गेला. मग बाबाराव आम्हाला तिसऱ्या झाडापाशी घेऊन गेले. बुंध्याच्या चिकट पट्ट्याखाली मुंग्या अडून राहिल्या होत्या, वर एकही नव्हती. पानांवर ढालकिडे फिरत होते आणि मावा नावालाही उरला नव्हता.

"माव्याच्या अंगातून गोड पानी येते. मुंग्या त्यासाठी माव्याले राखते, आपन ढोरं राखतो तसं. जितल्या मुंग्या जास्त, तितला मावा सुखी. या अकरा झाडाखाली मुंग्याइची चंगळ झाली, कारन..." बाबारावांनी माझ्याकडे हात केला. मी पुडी दिली. त्यांनी ती सगळ्यांसमोर उघडली. "कोनीतरी रोज इथं कनीक अन् साखर टाकते."

मीराबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि तोंडाला पदर लावला.

"मले नाव नाई पाह्यजे," बाबाराव हळू म्हणाले. "मले आकडाच पाह्यजे. अकरा काऊन?"

नानाजी गप्प राहिले असते, तर कोणाला काही सिद्ध करता आलं नसतं. पण तो माणूस खोटं बोलणारा नव्हता, आणि हे मला मुद्दाम लिहायचं आहे. ते धुऱ्यावर मटकन बसले.

"नातवाले ताप होता तवा केळझरच्या गनपतीले नवस बोललो. पोरगं उठलं तं रोज अकरा मुठी मुंग्याइले घालीन. अकरा झाडाखाली एक एक मूठ. पहाटे कोनी नसतानी येत होतो, कोनाले सांगतलं नाई. सांगतलं का पुन्य सरते म्हनते." त्यांनी झाडांकडे पाहिलं. "म्हंजे म्याच मारले काय हे?"

"तुमी मुंग्या जगवल्या," बाबाराव म्हणाले. "बाकीचं मालूम नव्हतं तुमाले."

मला वाटलं आता प्रेमदास ओरडेल. त्याला तो हक्क होता. तो पुढे आला, नानाजींच्या समोर उकिडवा बसला आणि अगदी साध्या आवाजात बोलला.

"नानाजी, तीन सालापासून तुमी मुंगीले रोज अकरा मुठी देऊन राह्यले. मले एक सवाल नाई दिला. इतलंच इचाराचं होतं, प्रेमदास, तू केलं काय? म्या नाई म्हनलं असतं. तुमी मानलं नसतं तरी चाललं असतं. पन इचाराचं तं होतं."

नानाजींच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. कांता मात्र उभ्या उभ्याच म्हणाली, "कलमं जळनार होते आमचे आज." आणि वळून चालू लागली.

तो पंचनामा मी तिथेच फाडला. फाडताना कोणी माझ्याकडे पाहिलंही नाही, आणि ते बरंच झालं.

६

हा रोग बरा होत नाही, असं बाबारावांनी स्पष्ट सांगितलं. त्याच दुपारी ती अकरा झाडं आणि व्याह्यांची मोसंबी नानाजींनी स्वतः कुऱ्हाड घेऊन तोडली. जंगूनं हात लावायला पाहिलं, त्यांनी लावू दिला नाही. संध्याकाळी धुऱ्यावर जाळ झाला. नऊशे कलमं आपल्या वाफ्यात हिरवी उभी होती.

"मुंग्याइचं आता काय?" नानाजींनी बाबारावांना विचारलं. "नवस हाये माहा."

"नवस कोनं मोडाले सांगतला? त्याइचं ताट झाडापासून दूर मांडा. कुठी मांडाचं, थे मले काऊन इचारता? बगिच्यातलं सारं कळते थो मानूस तुमच्याच जमिनीवर राह्यते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी प्रेमदासच्या खोपडीकडे निघालो होतो. मलाही एक सवाल द्यायचा होता, थोडा उशिरा का होईना. पण माझ्याआधी नानाजी तिथे पोचले होते. हातात कणकेचा गडवा. दारात उभे राहून ते घसा खाकरत होते.

"प्रेमदास," शेवटी ते म्हणाले. "पीठ कुठी टाकू?"

आत भांड्यांचा आवाज थांबला. कांता दारात आली, त्यांना वरपासून खालपर्यंत बघून आत गेली. नानाजी हलले नाहीत. मग प्रेमदास हात पुसत बाहेर आला.

"नाल्यापल्याड, बाभळीखाली," तो म्हणाला. "तिथून मुंगी बगिच्यात येत नाई. चाला, जागा दाखवतो."

दोघं नाल्याकडे चालू लागले. नानाजी काहीतरी सांगत होते, थांबत थांबत, आणि सांगताना त्यांची नजर सारखी प्रेमदासच्या तोंडाकडे होती. वाटेत किती मुंग्या पायाखाली आल्या असतील, देव जाणे.